शेकडा तीस, पण कशाचे?

हाताचा अंगठा तुटला तर माणसाची कमावण्याची शक्ती शेकडा ३० ने उणी होते. तर्जनी मुळापासून गेली तर १४ ने, मधले बोट गेले तर १२ ने, अनामिका किंवा करंगळी यांपैकी एक गेली तर ७ ने. हे आकडे आमचे नव्हेत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जो पहिला तक्ता जोडलेला होता, त्याच्या अखेरच्या रूपात ते ओळीने छापलेले होते. यंत्रात, दोरखंडात किंवा मालाच्या पेट्याखाली ज्याचा हात सापडला, त्याच्या घरी पुढे किती धान्य यावयाचे, हे या देशात अनेक वर्षे अशा तक्त्यांच्या आधाराने ठरत आले आहे.

शाळेत शेकडेवारी शिकविताना मुलांना आम्ही एक सवय लावीत असू. एखाद्याने ‘शेकडा तीस’ एवढेच उत्तर दिले, की त्याला उभे ठेवून विचारावयाचे, ‘कशाचे?’ मुलगा गोंधळे, परंतु पुन्हा ती चूक करीत नसे. कशाचे तीस हे सांगितल्यावाचून तीस या आकड्याला काही अर्थ नाही, ही गोष्ट अकरा वर्षांच्या मुलाला कळते. भरपाईचे दावे नाकारणाऱ्या किंवा छाटून अर्ध्यावर आणणाऱ्या मंडळींस ती कळत नाही असे नाही. ती त्यांच्या सोयीची नसते, इतकेच.

आपल्या किनाऱ्याचेच पाहा. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराचा अंगठा, करंजाच्या बंदरातून निघालेल्या बोटीवर जाळे ओढणाऱ्या खलाशाचा अंगठा, आणि अलिबागेत टेबलामागे बसून चलने तपासणाऱ्या कारकुनाचा अंगठा, हे तिन्ही तक्त्याच्या लेखी सारखेच ३० आहेत. कारकून महिन्याभराने कामावर परत येईल. त्याची सही थोडी वाकडी होईल, पगार होणार नाही. खलाशी दोर धरू शकणार नाही. आणि कारागिराचे तर सगळेच संपले. श्रीवर्धनच्या वाड्यांत पोफळीवर चढणाऱ्या गड्याच्या पायाचा आंगठा सांध्यापासून तुटला, तर तक्ता म्हणतो १४. ज्याने तो गडी खोडाला पायाची पकड घालून वर सरकताना एकदा जरी पाहिला आहे, तो हा आकडा वाचून हसेल किंवा चिडेल. एकलव्याचा अंगठा द्रोणाचार्यांनी मागितला तेव्हा त्यांस धनुर्धराचे सगळेच मागावयाचे होते. गुरूला हिशेब ठाऊक होता. आमच्या तक्त्याने मात्र एकलव्याला तीस टक्के देऊन घरी पाठविले असते.

या फरकाची रक्कम किती होते, तेही मांडून पाहू. भरपाईसाठी धरावयाच्या मासिक वेतनाची मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये होती. तीस वर्षांच्या कामगाराला कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर वेतनाच्या ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये, आणि त्यांस वयानुसार ठरविलेल्या २०७.९८ या गुणकाने गुणावयाचे. उत्तर १८,७१,८२० रुपये. त्याच्या हानीचा आकडा ३० धरला तर हाती येतात ५,६१,५४६ रुपये. मधल्या १३ लाख १० हजारांचा वाद हा ‘कशाचे तीस?’ या एका प्रश्नाचा वाद आहे. तीस वर्षांचा माणूस पुढे आणखी तीस वर्षे खाणार असतो.

हा प्रश्न न्यायालयांनी विचारलाच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तो फार पूर्वी आणि फार स्वच्छ शब्दांत विचारला गेला आहे. ओरिसातील जेपूर येथे १९६८ च्या जुलै महिन्यात एका चित्रपटगृहाचे नक्षीकाम चालले असता १२० रुपये महिना मिळविणारा एक सुतार वरून पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. त्याने मालकाला नोटीस दिली. उत्तर आले की, हा आमचा नोकर नव्हे, हा प्रासंगिक कंत्राटदार आहे, आणि अपघात त्याच्याच निष्काळजीपणाने झाला आहे. आज साठ वर्षे होत आली तरी या उत्तराचा मजकूर बदललेला नाही. बदलतो तो फक्त वकिलाच्या कागदावरचा पत्ता. आयुक्तांनी मात्र निवाडा दिला की, सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही, सबब त्याची कमावण्याची शक्ती शंभर टक्के गेली आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर १९७५ मध्ये तेथेही हाच निर्णय कायम झाला. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट सांगितली. भरपाईचे देणे अपघाताच्या क्षणी उपजते, आयुक्तांनी हुकूम लिहिला त्या दिवशी नव्हे. मालकाने हप्त्यांनी वाद वाढवावा आणि व्याज मात्र निकालाच्या तारखेपासून मोजावे, ही पळवाट त्यामुळे बुजली. मध्यंतरी २००७ च्या सुमारास काही निकाल उलट दिशेला गेले. परंतु २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने जुना १९७५ चा निकालच प्रमाण असल्याचे पुन्हा बजावले.

२०१० साली एका मोटार अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व अधिक विस्ताराने मांडले. डावा हात गेला तर शरीराचे अपंगत्व ६० टक्के भरेल; परंतु तो माणूस गाडीचालक किंवा सुतार असेल तर कमाईची हानी जवळजवळ शंभर टक्के होईल, आणि सरकारी कचेरीतील कारकून असेल तर तितकी मुळीच होणार नाही, असा तो दाखला आहे. त्यामागील कामाची वाटणी ध्यानात घेण्यासारखी आहे. शरीराचे किती गेले हे वैद्याने सांगावे. कमाईचे किती गेले हे न्यायासनाने ठरवावे, आणि ते ठरविताना तो मनुष्य आधी काय करीत होता, आता काय करू शकतो, आणि दुसरे एखादे काम त्याला खरोखर मिळण्याजोगे आहे काय, हे पाहावे. वैद्याचा दाखला हा न्यायाधीशापुढील पुरावा आहे, न्यायाधीशाचा हुकूम नव्हे.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे आम्हांस कारण नाही. औदार्याने टक्के वाटणारे दाखले निघतात, ज्याने उपचार केले नाहीत अशाचीही सही त्यांवर असते, आणि विमा कंपनीच्या तिजोरीतील पैसा हा अखेर हप्ते भरणाऱ्या सर्वांचा पैसा असतो. खोटा दावा नाकारला जावा, यात दुमत असण्याचे कारण नाही. परंतु खोट्याचा संशय हे खऱ्याला चिल्लर देण्याचे कारण होऊ शकत नाही. दाखल्याविषयी शंका असेल तर वैद्याला साक्षीला बोलवावे, त्याची उलटतपासणी घ्यावी, दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी करवावी. ते न करता दाखल्यातील ५५ चे ३० करून टाकणे हा न्याय नव्हे, ती बाजारातील घासाघीस आहे.

टक्क्यांपर्यंत पोहोचण्याआधी दावेदाराला आणखी दोन भिंती ओलांडाव्या लागतात. पहिली भिंत ‘हा आमचा माणूस नव्हे’ ही. तळोजा, रोहा, महाड येथील कारखाने घ्या किंवा उरणचे बंदर घ्या. कंत्राटदाराच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्याच्या हाताखाली मुकादम, आणि मुकादमाच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेले नाव, अशी कामावरच्या माणसाची स्थिती अनेकदा असते. अपघात झाला की वही हरवते. १९२३ च्या कायद्याने प्रासंगिक कामावरील माणसाला पूर्वी वगळलेलेच होते. ती ओळ २००० साली काढून टाकण्यात आली. आणि कंत्राटदाराने नेमलेल्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडे मागता येते, त्याने ती द्यावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करीत बसावे, ही तरतूद तर पहिल्यापासूनची आहे. तेव्हा कायदा या बाबतीत आंधळा नाही. माणसाला तो सांगितला जात नाही, ही खरी गोष्ट आहे.

दुसरी भिंत अपघात कोठे आणि केव्हा झाला याची, आणि किनाऱ्यावरच्या लोकांना ती अधिक अडविते. काम जेथे आहे तेथे जाण्याची वाटच जेव्हा पाण्यातून असते, तेव्हा काम कोठून सुरू झाले म्हणावयाचे? पोरबंदरजवळच्या एका मिठागरातील कामगार १९५२ च्या जून महिन्यात होडीने खाडी ओलांडत असता वादळात होडी उलटली आणि सात जण बुडाले. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वारसांचा दावा नाकारला. खाडी ही सार्वजनिक वाट, होडी सार्वजनिक, सबब ते अद्याप कामावर आलेले नव्हते, असा त्याचा आधार होता. पेण-उरणची मिठागरे आणि त्यांच्या खाड्या ज्यांना ठाऊक आहेत त्यांस हा निकाल वाचून काय वाटेल, ते निराळे सांगावयास नको. १९४७ च्या जुलैत मुंबईहून रेवसला येणारी ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक माणसे घेऊन बुडाली. पावसाळ्यातली आमची वाट म्हणजे काय, हे या जिल्ह्याने तेव्हाच शिकून घेतले आहे.

पुढे पाच वर्षांनी, १९६३ साली, मुंबईच्या बेस्टचा एक चालक जोगेश्वरीच्या आगारातून काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी परतत असता मरण पावला, त्या प्रकरणी न्यायालयाने कामाचा विस्तार बसपर्यंत मान्य केला. परंतु समुद्रावरच्या माणसाचे दैव पुन्हा फिरले. ‘द्वारका’ या जहाजावरील एक खलाशी १९६१ च्या डिसेंबरात इराणच्या आखातात नाहीसा झाला. छातीत दुखते अशी त्याची तक्रार होती. रात्री जहाजावर दिसलेला हा मनुष्य सकाळी जहाजावर नव्हता, आणि प्रेतही सापडले नाही. आयुक्तांनी दावा फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा फेटाळला. कारण मृत्यू कामातूनच उद्भवला हे सिद्ध करण्याचे ओझे दावेदारावर होते. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन या भागांतील कितीतरी घरे जहाजावरच्या कमाईवर उभी आहेत. जो कामाच्या जागीच राहतो, जेवतो आणि झोपतो, त्याने काम कोठे संपले आणि आयुष्य कोठे सुरू झाले याची रेघ पाण्यावर ओढून दाखवावी, अशी ही अपेक्षा आम्हांस तेव्हाही कठोर वाटली असती आणि आजही वाटते.

जमिनीवरची वाट मात्र अखेर मोकळी झाली. केरळात कारखान्यापासून एक किलोमीटरवर सायकलवरून जाताना ट्रकची धडक बसून गळ्याचे हाड मोडलेल्या कामगाराला १९९६ साली राज्य विमा योजनेचा लाभ नाकारण्यात आला होता. त्या निकालाला संसदेने २०१० साली उत्तर दिले, आणि घर ते काम व काम ते घर या वाटेवरील अपघात, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, कामातलाच मानावा, असे त्या योजनेच्या कायद्यात लिहिले. मग २०२५ च्या २९ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हीच दृष्टी १९२३ च्या कायद्यालाही लागू केली. ते प्रकरण महाराष्ट्रातले, धाराशिव जिल्ह्यातले होते. साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलीवर निघाला आणि कारखाना पाच किलोमीटर राहिला असता मरण पावला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये व व्याज मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते २०११ मध्ये रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बहाल केले. न्याय मिळाला हे खरे. परंतु अपघात २२ एप्रिल २००३ चा होता. बावीस वर्षे!

या बावीस वर्षांवर थांबले पाहिजे. आयुक्तांनी दावा तीन महिन्यांत निकाली काढावा, अशी स्पष्ट तरतूद १९२३ च्या कायद्यात २०१० च्या सुमारास घालण्यात आली होती. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाटही कायद्याने मुद्दामच अरुंद ठेवलेली होती. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील, आणि मालकाने अपील करावयाचे तर आधी सगळी रक्कम भरून तिचा दाखला जोडावयाचा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की, वस्तुस्थितीबाबत आयुक्तांचा शब्द अखेरचा आहे, आणि त्यांनी ठरविलेले अपंगत्वाचे टक्के उच्च न्यायालयाने पुरावा नव्याने चाळून खाली आणू नयेत. मालकाला देणे अंशतः मान्य असेल तर तेवढी रक्कम त्याने वाद चालू असतानाच द्यावी, असाही नियम होता. म्हणजे विमा कंपनी ‘शंभर नव्हे, तीसच’ असे म्हणत असेल, तर ते तीस तरी तिने आज द्यावयाचे. या नियमाची आठवण किती दावेदारांच्या वकिलांना असते? ज्या घरात कमावता हात तुटला आहे, त्या घराला वर्षांनंतरच्या अठरा लाखांपेक्षा या महिन्यातील पाच हजार अधिक मोलाचे असतात. मालकाच्या माणसाला हे बरोबर ठाऊक असते.

म्हणूनच तो कागद घेऊन इस्पितळात येतो. अर्धशुद्धीत असलेल्या माणसाच्या उशाशी बसून समजुतीच्या कागदावर सही घ्यावयाची, आणि उजवा अंगठा शाबूत नसेल तर डाव्याचा ठसा उठवावयाचा, हा प्रकार आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांस आम्ही इतकेच सांगू की, अशा कागदाने हक्क बुडत नाही. हक्क सोडून देण्याचा करार १९२३ च्या कायद्याने मुळातच रद्दबातल ठरविला होता. एकरकमी तडजोड आयुक्तांकडे नोंदवावी लागे, आणि रक्कम अपुरी आहे किंवा दडपणाने सही घेतली आहे असे दिसले तर नोंद नाकारण्याचा अधिकार त्यांस होता. दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, आणि उशिराला सबळ कारण असेल तर तीही आड येत नसे.

कारखान्यातील ज्या कामगारांचा राज्य विमा योजनेत हप्ता भरला जातो त्यांची वाट निराळी आहे. त्यांची टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवी, आणि ती मान्य नसेल तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा कर्मचारी विमा न्यायालय यांकडे जाता येई. तेथेही प्रश्न तोच. मंडळापुढे माणूस काही मिनिटे उभा राहतो, त्याचा हात वाकवून पाहिला जातो, आणि तो त्या हाताने काय करीत होता हे विचारण्यास कोणाला सवड नसते.

आम्ही वर ‘होता’, ‘होती’ असे लिहीत आलो, त्याचे कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही अमलात आली आणि १९२३ चा नुकसानभरपाई कायदा व १९४८ चा राज्य विमा कायदा हे दोन्ही तिच्यात विलीन झाले. आधीच्या अपघातांतून उपजलेले हक्क यामुळे नाहीसे होत नाहीत. नव्या संहितेत घर ते काम या वाटेवरील अपघाताचा समावेश सर्वांसाठीच झाला आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु आयुक्तांच्या जागी आता ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द आला आहे, आणि शब्द बदलला की खुर्चीवरचा माणूसही बदलण्याची भीती असते. ज्याला पुरावा तोलण्याची आणि साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची सवय आहे असा न्यायाधीश तेथे बसणार, की तक्ता पाहून रकाने भरणारा अधिकारी? जेपूरच्या सुताराला शंभर टक्के देणाऱ्याने तक्ता मिटून सुताराकडे पाहिले होते.

राज्य सरकारपुढे आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. रायगड जिल्ह्यातील या प्रकरणांची सुनावणी ठरलेल्या दिवशी उरण, पेण, महाड आणि श्रीवर्धन येथे जाऊन व्हावी. एक हात गमावलेल्या माणसाने दिघीहून किंवा हरेश्वराहून पहाटेची एस. टी. धरून यावे आणि ‘साहेब रजेवर आहेत’ एवढे ऐकून परत जावे, हे थांबावे. दावा नाकारणारे किंवा कमी करणारे प्रत्येक पत्र मराठीत असावे आणि त्यात कारण लिहिलेले असावे, कारण कारणावाचूनच्या नकाराचे परीक्षण कोणतेही न्यायालय धडपणे करू शकत नाही. अपिलाआधी रक्कम भरण्याचा नियम आणि अमान्य नसलेला भाग लगेच देण्याचा नियम नव्या व्यवस्थेतही तितक्याच काटेकोरपणे पाळला जावा. आणि आदेशाच्या छापील नमुन्यात अपंगत्वाच्या टक्क्यांच्या आधी एक रकाना ठेवावा: ‘हा मनुष्य त्या अवयवाने कोणते काम करीत होता?’ तो स्वतः दावेदाराला विचारून भरावा, आणि तो कोरा असेल तोवर पुढच्या रकान्यात आकडा घालण्यास मनाई असावी.